नटावरची लाल रेघ

आमच्या घरात विमान आहे असं सांगितलं की लोकांना वाटतं, बाई मोठेपणा मिरवते. मिरवतेच. का नाही मिरवायचं? दोन माणसांचं, हलकं, पण विमान. आमच्या ह्यांनी ते स्वतःच्या हातांनी बनवलं. दिवसभर कारखान्यात लेथवर उभं राहायचं आणि घरी आलं की चहाचा कप हातात घेऊन मागच्या शेडमध्ये शिरायचं. सांगाडा त्यांचा, पंखांवरचं कापड माझं, आणि टोपडंही माझंच.

टोपडं म्हणजे इंजिनावरचं झाकण. शिकलेली माणसं त्याला काउलिंग म्हणतात. पण तान्ह्या बाळाचे कान आणि गाल झाकून नाक तेवढं उघडं ठेवावं, तसं ते दिसतं, म्हणून आमच्या घरात हाच शब्द रुळला. काचेच्या धाग्यांचं कापड मिळतं. ते साच्यावर अंथरायचं, वर चिकट राळ चोपडायची, पुन्हा कापड, पुन्हा राळ. वाळलं की दगड. मी चौथीत शाळा सोडली, पण कापड कसं कापायचं हे मला कोणी शिकवायला नको. जन्म शिवणयंत्रावर गेला. गोलाईवर बसवायचं कापड तिरकं कापलं की सुरकुती पडत नाही, हे मी ह्यांना सांगितलं. त्यांनी आधी आपल्या पद्धतीने तीन साचे वाया घालवले आणि मग ऐकलं.

ते गेले त्याला तीन वर्षं झाली. विमानातून पडून नाही गेले. आधीच सांगते, कारण सगळे पहिलं तेच विचारतात. घरात, अंथरुणावर गेले, छातीच्या दुखण्याने, हळूहळू. आणि विमान पंख मिटून शेडमध्ये उभं राहिलं. मी आठवड्यातून एकदा त्याच्यावरची चादर झटकायची. बाकी कोणी हात लावत नव्हतं.

मग एके दिवशी जेवताना माझा मुलगा म्हणाला, "आई, इंजिन उघडावं म्हणतोय."

मुलगा एकच. वडील त्याला ढग म्हणायचे, कारण हाक मारली की हा सावकाश तरंगत येणार. नकाशे काढायच्या कचेरीत कामाला आहे. मनाने हळवा, लहानपणी तुटलेली पाटीसुद्धा फेकू द्यायचा नाही. विमान चालवायचा रीतसर परवाना मात्र त्याच्याकडे आहे, आणि ते काम तो चोख करतो.

"उघडून काय करणार?" मी विचारलं.

"उडवणार."

"आणि उघडणार कोण? तुला बरणीचं झाकण उघडायला दोन माणसं लागतात."

"ही उघडेल," तो म्हणाला आणि बायकोकडे बघायला लागला.

माझी सून बोटींची इंजिनं दुरुस्त करते. लग्न ठरताना हे कळलं तेव्हा मी म्हटलं होतं, चला, घरात माझ्यापेक्षा खराब हातांची एक तरी बाई येईल. तिने घास गिळला आणि म्हणाली, "तुम्ही हो म्हणालात तर. तीन वर्षं बंद पडलेलं इंजिन आतून गंजतं. पूर्ण खोलून, तपासून, पुन्हा जोडायला हवं. तसंच चालू करायचं असेल तर मी ह्याला त्यात बसू देणार नाही."

"माझ्या नवऱ्याने जोडलेलं इंजिन आहे ते."

"हो ना आई. आणि माझा नवरा बसणार आहे त्यात."

मी शेडची किल्ली काढून तिच्या ताटाशेजारी ठेवली. अशी वेळ माझ्यावर फारशी येत नाही.

ह्यांच्या कामाचं एक वळण होतं, ते आधी सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही. एखादा नट आवळून झाला की ते मोठ्याने म्हणायचे, "आवळलं." मग दुसऱ्या माणसाने जवळ जायचं, नटाला हात लावायचा, नीट बघायचं आणि म्हणायचं, "बघितलं." नुसतं लांबून म्हटलेलं चालायचं नाही. दोन्ही शब्द झाले की ते बारीक कुंचल्याने लाल रंगाची एक रेघ ओढायचे, अर्धी नटावर आणि अर्धी खालच्या भागावर. नट पुढेमागे केसभर जरी सरकला तरी रेघ तुटते आणि दिसतं. आपल्या हाताची चूक आपले डोळे झाकून घेतात, म्हणून दुसरा माणूस लागतो, असं त्यांचं म्हणणं. तो दुसरा माणूस मी. इतकी वर्षं स्टुलावर बसून मी "बघितलं" म्हणत आले, आणि हात लावल्याशिवाय कधी म्हटलं नाही. बाकी माझ्या तोंडातून काय काय निघतं त्याची खात्री मी देत नाही. त्या एका शब्दाची देते.

तर सुनेने टोपडं उतरवलं आणि इंजिन उघडं पडलं. चार सिलिंडर, दोन ह्या कुशीला, दोन त्या कुशीला, आणि जिथे नजर जाईल तिथे लाल रेघा. मला वाटलं, ह्यांनी आत्ताच कुंचला धुऊन ठेवला.

पहिल्या नटाला पाना लागला आणि रेघ तुटली. ढगाने तोंड फिरवलं. सुनेने ते बघितलं. फडक्याला थिनर लावून तिने उरलेला लाल रंग पुसून टाकला, कारण जुन्या खुणा राहिल्या तर नवीन कुठली ते कळत नाही. मग दुसरा नट. मग तिसरा. ती पुसत होती आणि मी स्टुलावर बसून बघत होते. दुखणं कितीही लांबलं तरी माझ्या घरातून माणूस शेवटी गेला तो एका श्वासात. हे मात्र थेंबाथेंबाने चाललं होतं.

"रंग तुझ्या बापाचा आहे, बाप नाही," मी ढगाला म्हटलं. "तोंड इकडे कर आणि ट्रे धर."

म्हणायला काय जातं.

इंजिन साखळीने उचलून लाकडी घोडीवर ठेवलं. शेडमधलं टेबल पुरेना, म्हणून सिलिंडर आणि पिस्टन माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर आले आणि आम्ही जमिनीवर बसून जेवायला लागलो. सगळ्या घराला रॉकेलचा वास. दोन सिलिंडरांत आत गंज चढला होता, मागच्या दोन. सुनेने मला बोट आत घालून बघायला लावलं. खरखरीत लागलं. मी म्हटलं, "घासून काढ."

"घासून जाणार नाही. बाहेर पाठवून आतून नव्याने कातून आणावे लागतील."

"ह्यांनी घासून काढलं असतं."

"नसतं काढलं," ती म्हणाली. "त्यांनी माझ्या आधी बाहेर पाठवले असते. तुम्हाला माहीत आहे."

माहीत होतं. पण सुनेला पटकन होय म्हणायची सवय लावून घेतली की पुढे फार महागात पडते.

खरं भांडण झालं ते टोपड्यावरून. आतल्या बाजूला, मागे खाली, जिथून गरम हवा बाहेर पडते, तिथे रंग करपला होता आणि थर फुगून सुटले होते. स्क्रूच्या भोकांभोवती तडे गेले होते. तडे बुजवायचं काम माझं. मी कापडाच्या तिरक्या पट्ट्या कापल्या, राळ कालवली, एकेक भोक मागून धरून घेतलं. हातांना काचेची कुसळं लागून आठवडाभर खाज सुटली, पण एक सुरकुती दाखवा. मग सून म्हणाली, "आई, खालचं तोंड मोठं करायला हवं. हवा पुढून येते आणि मागे कोंडते. मागचे सिलिंडर त्यामुळेच तापतात. करवतीने एवढं कापू." तिने चार बोटं दाखवली.

"माझ्या टोपड्याचं नाक कापायचं म्हणतेस?"

"नाक नाही, हनुवटी."

"एकच झालं. तोंड ते तोंड."

"मग तुम्ही सांगा, दुसरं काय करू?"

मी दोन दिवस तिच्याशी कामापुरतं बोलले. मग त्या करपलेल्या जागेवरून हात फिरवला. आपण शिवलेल्या कपड्याच्या काखेत घामाचा डाग पडला, तर शिंप्याला माप चुकलं असं म्हणावं लागतं. कपडा कितीही देखणा असो. तिसऱ्या दिवशी करवत मीच आणून दिली. तिने कापलं, कडेला बाहेर वळलेली पट्टी बसवायला सांगितली, आणि ती पट्टी मी अशी बसवली की नंतर विमान तपासायला आलेल्या फ्लाइंग क्लबातल्या माणसाला ती मुळातलीच वाटली.

सिलिंडर कातून आले. नव्या रिंगा, घासून बसवलेले व्हॉल्व, नवीन बेअरिंग. जोडणी सुरू झाली. सुनेने पांढरा रंग आणला होता. लाल आणला असता तर मी तो फेकून दिला असता. तिला ते न सांगता कळलं, एवढं मी तिच्या बाजूने म्हणेन.

पहिल्या नटाला ती पाना फिरवून थांबली. कट्ट आवाज झाला; नट हवा तेवढा घट्ट झाला की तिचा पाना तसा वाजतो. "आवळलं," ती म्हणाली, आणि माझ्याकडे वळून बघत राहिली.

तीन वर्षं तो शब्द मी म्हटला नव्हता. उठले, जवळ गेले, हात लावला. "बघितलं."

तिने पांढरी रेघ ओढली. मग आम्ही दोघी त्या सुरात लागलो. आवळलं, बघितलं. आवळलं, बघितलं. ढग आपल्या वाट्याचं काम करत होता: तारा, नळ्या, आणि तेल थंड करायची जाळी. ही जाळी इंजिनाच्या पाठीला बसते. इंजिनातून तापलेलं तेल एका रबरी नळीने जाळीत येतं, निवतं आणि परत जातं. नळी अगदी सायलेन्सरच्या पाइपाजवळून जाते. ती फुटली तर काय होईल हे मला कोणी समजावून सांगितलं नव्हतं आणि सांगायची गरजही नव्हती. उकळतं तेल लालभडक पाइपावर पडेल. स्वयंपाक करणाऱ्या बाईला एवढं कळतं. आणि वर आकाशात गॅस बंद करून बाजूला उभं राहता येत नाही.

शेवटी ती नळी तेवढी राहिली. ढगाने इंजिनाकडचं टोक आवळलं. "आवळलं." मी बघितलं, पांढरी रेघ पडली. मग तो वाकून जाळीकडच्या टोकाशी गेला, थोडा वेळ तिथेच राहिला, आणि मागे न बघता म्हणाला, "आवळलं."

मी उठले. जाळी मागच्या बाजूला, अंधारात. बॅटरी धरून खाली वाकले. हात नटावर ठेवला आणि दिसली. लाल रेघ. तुटलेली नाही. वाकडी, शेवटी थरथरत खाली गेलेली.

ती रेघ मला ओळखीची होती. ह्यांनी शेवटचं जे काम केलं ते हेच. दुखणं लागलं होतं, हात कापायचा, तरी ही नळी नवीन घातली. रेघ ओढताना मनगट दुसऱ्या हाताने धरलं होतं आणि तरी ती वाकडी गेली. "शाळेत असतो तर छडी बसली असती," म्हणाले होते. मी हात लावला होता, मी "बघितलं" म्हटलं होतं, आणि नट खरोखर घट्ट होता. त्यानंतर ते दोनदाच उडाले.

म्हणजे ढगाने जाळी काढताना हे टोक सोडलंच नव्हतं. जाळी आणि नळी जोडलेलीच ठेवून बाहेरून पुसली होती. सगळ्या इंजिनात एवढी एकच लाल रेघ राहिली होती, आणि ती त्याने राखली होती.

मागून सुनेचा आवाज आला. "बघितलं, आई?"

मी कमरेत वाकलेली, हात नटावर. ढग माझ्या शेजारी उभा होता. लहानपणी पाटी फेकू नको म्हणताना बघायचा, तसं त्याने माझ्याकडे बघितलं. मला एक शब्द बोलायचा होता. एका शब्दाने ती रेघ टोपड्याखाली राहिली असती, आणि मला रोज माहीत असतं की ती तिथे आहे. खोटं बोलणार नाही, तो शब्द माझ्या ओठांपर्यंत आला.

"पाणी दे मला," मी म्हटलं आणि स्टुलावर जाऊन बसले.

सून पाणी आणायला घरात गेली. ढग माझ्यासमोर उकिडवा बसला.

"बाबांनीच आवळलेलं आहे, आई. तूच बघितलंस तेव्हा."

"तेव्हा बघितलं."

"घट्ट आहे. मी हाताने बघितलं. गळत नाही. एक हंगाम उडवतो, मग बदलतो. शप्पथ."

"तेवढंच राहिलंय ना?" मी विचारलं.

त्याने मान हलवली. डोळे भरले होते. एवढा मोठा घोडा, पण माझाच. मी त्याच्या केसांतला राळेचा गोळा काढायला लागले, तो निघेना.

"अरे, मला नको आहे का ती?" मी म्हटलं. "तुझ्याआधी मला हवी आहे. तुझा बाप होता तो, माझं सगळं आयुष्य होतं. पण तुझ्या बापाने मला एकच काम दिलं होतं. ते काम म्हणजे त्याचं न ऐकणं. त्याने आवळलं म्हटलं तरी मी माझा हात लावायचा. आज तू म्हणतोस, त्यांनी आवळलंय, तर तू बघू नकोस. त्यांना हे आवडलं असतं का?"

तो जमिनीवरचा पाना उचलून फडक्याने पुसायला लागला.

"उद्या वर गेलास आणि नळी फुटली, तर मी त्या रेघेचं काय करू? कोणाला दाखवू?"

सून दारात उभी होती, हातात पेला. कधीची उभी होती कोण जाणे. ती आली, पाणी दिलं आणि शांतपणे म्हणाली, "मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. जाळी बाजूला ठेवली तेव्हाच दिसलं होतं."

ढगाने मान वर केली. "मग बोलली का नाहीस?"

"बाकीच्या सगळ्या मी पुसल्या. ही तुमच्या दोघांची होती. मी हात लावला असता तर जन्मभर मी लावला असं झालं असतं." मग ती माझ्याकडे वळली. "म्हणून तुम्ही काय म्हणता ते ऐकायला थांबले."

"आणि मी बघितलं म्हटलं असतं तर?"

"तर टोपडं बसवू दिलं नसतं. आणि पुन्हा कधी तुमच्या शब्दावर रेघ ओढली नसती."

सासूला असं तोंडावर बोलणारी सून मला कोणी आधी दाखवली असती तर मी ती करून घेतली नसती. मी पाणी पिऊन पेला तिच्या हातात दिला आणि पाना मागितला.

"मी सोडतो," ढग म्हणाला.

"नको. तू बॅटरी धर. मी सोडते."

मी आयुष्यात नट सोडला नव्हता, फक्त बघितले होते. पाना दोनदा घसरला. नट हलेना. ह्यांचा हात कापत असताना आवळलेला नट, आणि दोन्ही हातांनी जोर लावूनही हलेना. त्या क्षणी मला जी घमेंड वाटली ती मी कोणाला देणार नाही. मग सुनेने मागून माझ्या हातांवर आपले हात ठेवले, तेवढेच, आणि नट करकरला. रेघ तुटली.

नळी बाहेर निघाली. बाहेरून कापडी आवरण होतं, त्यामुळे काही कळत नव्हतं. सुनेने ती ढगाच्या हातात दिली. "वाकव."

त्याने वाकवली. वाळलेली शेंग मोडते तसा आवाज आला. आवरण फाटलं नाही, पण आतलं रबर मोडलं होतं. टोकातून काळे तुकडे त्याच्या तळहातावर पडले. मागे कोंडलेल्या उष्णतेने ती आतून वाळून गेली होती. त्याने ते तुकडे खूप वेळ धरून ठेवले. ह्यांचं काम चोख होतं. रबराला मात्र त्यांची ओळख नव्हती.

जाळीच्या तोंडावर रेघेचा खालचा अर्धा भाग राहिला होता, नखाएवढा. सून फडकं आणि थिनर घेऊन उभी राहिली, पण पुढे झाली नाही. मी फडकं घेतलं आणि पुसलं. एका हाताने पुसताना दुसऱ्या हाताने मनगट धरावं लागलं.

नवीन नळी आली तेव्हा ढगाने ती बसवली. कट्ट आवाज झाला.

"आवळलं."

मी हात लावला, बॅटरीने बघितलं, पुन्हा हात लावला. "बघितलं."

सुनेने कुंचला माझ्या पुढे केला. मी कधी रेघ ओढली नव्हती, ते काम माझं नव्हतं. ओढली.

"वाकडी आली, आई," ढग म्हणाला.

"मग शाळेत घाल मला," मी म्हटलं. आम्ही तिघंही थोडं हसलो, हसू फार टिकलं नाही. मोडलेली नळी मी त्याला दिली. ठेवायची तर घरात ठेव, म्हटलं, कपाटात, उशाशी, कुठेही. इंजिनात नाही.

टोपडं बसलं. क्लबातला माणूस येऊन सगळं तपासून गेला. वारा पडलेल्या एका सकाळी विमान गाडीमागे जोडून मैदानावर नेलं, पंख उघडले. ढगाने इंजिन बराच वेळ जमिनीवरच चालवून बघितलं. मग विमान गवतावरून धावत गेलं आणि उठलं. सून काट्यांबद्दल, तापमानाबद्दल काहीतरी पुटपुटत होती. मी आवाज ऐकत होते. शिवणयंत्रावर बसणाऱ्या बाईला टाका चुकला की आधी कानाला कळतं. चुकला नाही.

मैदानाला तीन फेऱ्या मारून तो उतरला. पंखा थांबला तशी लगेच सून स्क्रू काढायला लागली, कारण पहिल्या उड्डाणानंतर टोपडं उतरवून सगळं पुन्हा बघायचं असतं. ढग खाली उतरून बाजूला उभा राहिला. चेहरा पांढरा पडला होता, पण उभा होता, दोन पायांवर.

मी टोपड्याच्या आत हात लावला, नव्या तोंडाजवळ. कोमट होतं, करपल्याचा वास नव्हता. मग मी वाकून जाळीमागे हात घातला. नट तापलेला होता, बोटाला चटका बसला, तरी काढला नाही. तेलाचा टिपूस नाही. वाकडी रेघ नटावरून खालपर्यंत अखंड.

"बघितलं," मी म्हटलं. कोणी विचारलं नव्हतं.